गहाण ठेवलेला पोर्टफोलिओ: दीर्घकालीन शेअर्सच्या जोरावर ऑप्शन विकण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

गुंतवणूकदार नोकरदार, वय ४१, खासगी कंपनीत अभियंता. घरात दोन पगार, गृहकर्ज चालू. ओळख पटू नये म्हणून रकमा गोल केल्या आहेत आणि कंपन्यांची नावे गाळली आहेत.

२०१४ पासून ते पगारातून थोडे थोडे बाजूला काढून शेअर्स घेत आले. २०२३ पर्यंत ११ कंपन्या झाल्या. एकूण गुंतवणूक १३ लाख, ३१ मार्च २०२३ रोजी बाजारमूल्य ३० लाख. पद्धत साधी पण नीटस होती: वार्षिक अहवाल वाचायचा, पाच वर्षांचा एकत्रित निव्वळ नफा आणि तेवढ्याच काळात धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड यांची तुलना करायची, येणी किती दिवसांत वसूल होतात ते पाहायचे. प्रवर्तकांनी आपले शेअर्स गहाण ठेवले असतील आणि ते प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले असेल, तर ती कंपनी सोडून द्यायची. ही शेवटची अट लक्षात ठेवा.

महिन्याला चारेक तास पुरत. परतावा किती मिळाला हे त्यांनी कधी मोजले नव्हते, "बरा चाललाय" एवढेच माहीत. नंतर तारखेनुसार हिशेब लावला तेव्हा वार्षिक सुमारे २० टक्के निघाला. वाढीचा निम्म्याहून अधिक भाग दोनच कंपन्यांचा होता, आणि चार कंपन्यांनी मुदत ठेवीइतकेही दिले नव्हते. वैयक्तिक पोर्टफोलिओत हे चित्र नेहमीचे आहे. थोड्या कंपन्या सगळे ओढून नेतात, आणि कोणत्या ते आधी कळत नाही.

अडचणीची सुरुवात

एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे वायदे व्यवहारांचा, विभाग सुरू करून घेतला. २ लाख रुपये वेगळे ठेवले आणि निफ्टी या निर्देशांकाचे साप्ताहिक ऑप्शन विकत घ्यायला लागले. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीला खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क; घेणारा त्याची किंमत (प्रीमियम) देतो, विकणारा ती घेऊन जोखीम उचलतो. डिसेंबरअखेर त्यातले १.३५ लाख गेले.

पहिला निर्णायक टप्पा हाच होता. तोटा का झाला याची नोंद त्यांच्याकडे नव्हती. कोणता सौदा कशासाठी केला, कुठे चुकला, काहीच लिहिलेले नव्हते. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: ऑप्शन घेणारा हरतो, म्हणजे विकणारा जिंकतो. पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा अर्धवट खरा आहे, कारण विकणारा बहुतेक आठवडे थोडे थोडे जिंकतो आणि एखाद्या आठवड्यात खूप हरतो. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. त्यात घेणारेही होते आणि विकणारेही.

याच वेळी एक लहानशी चूक झाली. विवरणपत्र भरताना १.३५ लाखांचा तोटा दाखवलाच नाही, "तोट्यावर कसला कर" म्हणून. वायदे व्यवहारांचा नफा-तोटा प्राप्तिकरात व्यवसायाचे उत्पन्न धरला जातो. विवरणपत्र आयटीआर-३ मध्ये आणि मुदतीत भरले, तरच तोटा पुढची ८ वर्षे व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. पुढच्याच वर्षी नफा झाला, तेव्हा वजा करायला हाताशी काही नव्हते. त्यांच्या ३१.२ टक्के करदराने ही चूक सुमारे ४२ हजारांची.

गहाणाचा निर्णय

ऑप्शन विकायला मार्जिन, म्हणजे संभाव्य तोट्यापोटीचे तारण, लागते. ते उभे करण्याचा सोपा मार्ग ब्रोकरच्या अॅपमध्येच होता: डीमॅटमधले शेअर्स प्लेज करा, म्हणजे गहाण ठेवा. १ सप्टेंबर २०२० पासूनच्या पद्धतीत शेअर्स ब्रोकरच्या खात्यात जात नाहीत, आपल्याच डीमॅटमध्ये राहतात, त्यावर फक्त गहाणाची खूण चढते. लाभांशही आपल्यालाच मिळतो. त्यामुळे वाटते की काहीच दिलेले नाही. ओटीपी टाकला की काम झाले. नऊ वर्षांत जमवलेली पुंजी तारण ठेवायला दोन मिनिटे लागली आणि घरात त्यावर एक वाक्यही बोलले गेले नाही. गृहकर्जाच्या वेळी जोडीदाराची सही लागली होती. इथे कुणाची लागत नाही.

यंत्रणा अशी चालते. प्रत्येक शेअरच्या मूल्यातून चढउतारांच्या प्रमाणात कपात होते, त्याला हेअरकट म्हणतात. मोठ्या, भरपूर उलाढालीच्या कंपन्यांना ती कमी, लहान कंपन्यांना जास्त. काही शेअर्स तारण म्हणून चालतच नाहीत. ११ पैकी ८ कंपन्या चालल्या. मे २०२४ अखेर पोर्टफोलिओ ३७ लाखांचा झाला होता. त्यातले ३१ लाखांचे शेअर्स गहाण, सरासरी २० टक्के कपात, म्हणजे २४.८ लाखांचे तारण.

पण एवढ्याने भागत नाही. रात्रभर ठेवायच्या सौद्यांसाठी निम्मे मार्जिन रोख किंवा रोखीसमान असावे लागते. शेअर्स त्यात धरत नाहीत; लिक्विड फंडाची (अगदी अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडाची) युनिट्स बहुतेक ठिकाणी धरतात. म्हणून ८ लाखांचा लिक्विड फंडही गहाण गेला, कपातीनंतर ७.२ लाख. त्यातले ४.५ लाख घरचा आपत्कालीन निधी होता. उरलेले ३.५ लाख म्हणजे १४ महिने दरमहा २५ हजार, जे एरवी नवे शेअर्स घेण्यात गेले असते. प्रत्यक्ष रोख फक्त १.५ लाख.

इथे एक बारकावा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. लिक्विड फंड मार्जिनच्या हिशेबात रोखीसारखा चालतो, पण विकलेला ऑप्शन परत घ्यायची वेळ आली की पैसे रोखच लागतात. फंड विकून पैसे यायला किमान एक दिवस जातो. म्हणजे कागदावर ८.७ लाख रोख, हातात १.५ लाख.

आणि ती प्रवर्तकांची अट? शेअर्स गहाण ठेवणाऱ्या प्रवर्तकांच्या कंपन्या टाळणाऱ्या माणसाने स्वतःचे ८० टक्क्यांहून अधिक शेअर्स गहाण ठेवले होते. कारण तेच, धोकाही तोच: भाव पडला की तारण अपुरे पडते आणि नेमके तेव्हाच विकावे लागते.

चौदा महिने

एप्रिल २०२३ ते मे २०२४ पर्यंत सगळे छान चालले. १४ पैकी ११ महिने नफा. खर्च वगळण्याआधी ४.७० लाख, ब्रोकरेज, जीएसटी, एसटीटी (सौद्यांवरचा कर), एक्स्चेंजचे शुल्क आणि प्लेजचे शुल्क मिळून ६२ हजार, निव्वळ ४.०८ लाख. मार्च २०२४ पर्यंतच्या ३.४० लाखांवर १.०६ लाख कर भरला.

पद्धत ठरलेली: दर आठवड्याला निफ्टीच्या चालू पातळीपासून लांबचा एक पुट (ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क) आणि एक कॉल (खरेदीचा हक्क) विकायचा, आणि संरक्षण म्हणून त्याहून लांबचा स्वस्त पुट घ्यायचा. रोजचे सरासरी दोन तास जात, तेही कामाच्या वेळात.

आपल्याला हे जमते आहे, असे वाटण्याजोगा हा काळ होता. ३१ मार्च २०२३ ला १७,३६० वर असलेला निफ्टी ३१ मे २०२४ ला २२,५३१ वर होता, म्हणजे जवळपास ३० टक्के वर. चढत्या बाजारात पुट विकणाऱ्याचे कौशल्य आणि नशीब वेगळे काढता येत नाही. त्याच काळात त्यांचा स्वतःचा पोर्टफोलिओ ३० चा ३७ लाख झाला, म्हणजे २३ टक्के, निर्देशांकापेक्षा कमी. रखडलेल्या चार कंपन्यांचे तिमाही निकाल त्यांनी वर्षभर उघडूनही पाहिले नव्हते. ट्रेडिंगने पैशाआधी लक्ष खाल्ले होते. हा खर्च कोणत्याही कॉन्ट्रॅक्ट नोटवर (सौद्याच्या पावतीवर) छापलेला नसतो.

३ आणि ४ जून २०२४

लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल १ जूनच्या संध्याकाळी आले. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी ३ टक्क्यांहून अधिक उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी असल्याने ऑप्शनचे भाव फुगलेले होते. विकणाऱ्याच्या डोळ्यांना हे मोठे उत्पन्न दिसते. खरे तर फुगलेला भाव म्हणजे बाजार मोठ्या हालचालीची शक्यता सांगत असतो.

त्यांनी ६ जूनच्या एक्स्पायरीचे (त्या दिवशी मुदत संपणारे) २२,५०० चे पुट ११० रुपयांना आणि २४,००० चे कॉल ६० रुपयांना विकले, प्रत्येकी २० लॉट. तेव्हा लॉट २५ चा होता, म्हणजे ५०० नग. मिळालेला प्रीमियम ८५ हजार, अडकलेले मार्जिन सुमारे १६ लाख. नेहमीचा संरक्षणाचा पुट त्या दिवशी घेतला नाही. २२,००० चा पुट ५० रुपयांना होता, ५०० नगांचे २५ हजार. "पुटच्या प्रीमियममधले जवळपास निम्मे यातच जातील" हे कारण. संरक्षण महाग होते ते त्याची गरज जास्त होती म्हणून.

आकार पाहा. ५०० नग गुणिले २३,२६४ म्हणजे १.१६ कोटींचा सौदा. ३७ लाखांच्या पोर्टफोलिओवर. निफ्टी २२,५०० च्या बराच खाली गेला की प्रत्येक अंकामागे ५०० रुपये जाणार, आणि त्याच वेळी तारण ठेवलेले शेअर्सही पडणार. बाजार पडण्याविरुद्धची हमी विकायची आणि त्या हमीला तारण बाजारातलेच शेअर्स द्यायचे. पूर येणार नाही अशी पैज लावून जामीन म्हणून नदीकाठचे घर लिहून देण्यासारखे ते होते.

४ जूनला कल आल्याबरोबर बाजार कोसळला. त्यांनी पुटवर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा रोखण्यासाठी आपोआप परत घेण्याची ऑर्डर, लावलेला होता: भाव २२० झाला की ती बाजारात जाणार (ट्रिगर), पण २३० पेक्षा जास्त द्यायचे नाहीत (मर्यादा). एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजाराने) २०२१ मध्ये ऑप्शन्ससाठी एसएल-एम प्रकारची, म्हणजे ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाने पूर्ण होणारी, ऑर्डर बंद केली, त्यामुळे स्टॉपलॉसला किमतीची मर्यादा द्यावीच लागते. ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली, पण तोवर भाव २३० च्या वर उडाला होता. ऑर्डर नुसती पडून राहिली. पहिली काही मिनिटे त्यांना वाटले की सौदा कापला गेला आहे. वेगवान बाजारात ट्रिगर आणि मर्यादा यांत १० रुपयांचे अंतर म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

ऑर्डर लागली नाही हे कळले तेव्हा पुट ४०० च्या वर होता. ३०० ला येईल तेव्हा काढू, असे ठरवून ते थांबले. निफ्टी दिवसात २१,२८१ पर्यंत खाली गेला. २१,५०० च्या आसपास असताना मार्जिन अपुरे पडल्याने ब्रोकरच्या यंत्रणेने सौदा बंद केला. पुट १,०८० रुपयांना परत घेतले गेले, म्हणजे ५.४० लाख, कॉल ५ रुपयांना, अडीच हजार. मिळालेले ८५ हजार वजा जाता तोटा ४.५८ लाख. खात्यातली १.५ लाख रोख संपून ३.०७ लाख देणे निघाले.

त्या दिवशी निफ्टी २१,८८४.५० वर बंद झाला, जवळपास ६ टक्के खाली. ६ जूनला, एक्स्पायरीच्या दिवशी, बंद भाव होता २२,८२१.४०. विकलेला २२,५०० चा पुट शून्य होऊन संपला. अंदाज बरोबर ठरला आणि पैसे तरी गेले.

यातून "अजून थोडे मार्जिन असते तर वाचलो असतो" असा धडा काढण्याचा मोह होतो, आणि बरेच जण पुढच्या वेळी जास्त शेअर्स गहाण ठेवतात. तो धडा घातक आहे. बाजार तीन दिवसांत सावरेल हे ४ जूनच्या दुपारी कुणालाही माहीत नव्हते.

देणे फेडायचे कसे: समोरचे पर्याय

३.०७ लाख देण्यासाठी चार मार्ग होते. पहिला, गहाण शेअर्सपैकी काही विकणे. दुसरा, लिक्विड फंड मोडणे. त्यासाठी गहाण युनिट्स विकून रक्कम खात्यात वळती करा, असे ब्रोकरला लेखी कळवावे लागले असते आणि एक-दोन दिवस गेले असते. तिसरा, जोडीदाराच्या खात्यातून उसने घेणे, पण घरी काही माहीत नसल्याने तो त्यांनी विचारातच घेतला नाही. चौथा, वैयक्तिक कर्ज. तो सुदैवाने कुणी सुचवला नाही.

त्यांनी पहिला मार्ग घेतला, आणि तोही दुपारी दोनच्या सुमारास, घाईत. पोर्टफोलिओत त्या दिवशी एकच शेअर हिरवा, म्हणजे वर, होता, ग्राहकोपयोगी वस्तूंची एक जुनी कंपनी. २०१५ पासून धरून ठेवलेली, खरेदी ७० हजारांची. ती पूर्ण विकून ३.१० लाख आले.

लाल शेअर विकवत नाही म्हणून हिरवा विकला जातो, आणि पडत्या बाजारात हिरवा असतो तो बहुधा पोर्टफोलिओतला भक्कम खांब असतो. ज्या चार कंपन्यांनी वर्षानुवर्षे काही दिले नव्हते, त्यांपैकी एकीलाही हात लागला नाही.

लिक्विड फंडाचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. ब्रोकर उधारीवर वार्षिक १८ टक्के व्याज लावत होता आणि त्याच्या अटींत दोन दिवसांची मुदत होती. ३.०७ लाखांवर दोन दिवसांचे व्याज सुमारे ३०३ रुपये. फंडातले आपत्कालीन निधीत न मोडणारे ३.५ लाख या देण्याला पुरेसे होते. तीनशे रुपये आणि एक ईमेल, एवढ्यासाठी नऊ वर्षांची गुंतवणूक मोडली. सौदा बंद होणे हातात नव्हते, हा निर्णय होता.

पुढचे पर्याय

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते एका नोंदणीकृत, फक्त शुल्क घेणाऱ्या गुंतवणूक सल्लागाराकडे गेले. या वेळी जोडीदारही सोबत होत्या. पहिली बैठक केवळ हिशेबाची झाली. ट्रेडिंगचे सगळे मिळून: २०२२ चा तोटा १.३५ लाख, १४ महिन्यांचा निव्वळ नफा ४.०८ लाख, त्यावर भरलेला कर १.०६ लाख, ४ जूनचा तोटा ४.५८ लाख. एकूण २.९१ लाख उणे. नफ्याच्या वर्षी भरलेला कर पुढच्या वर्षीच्या तोट्यामुळे परत येत नाही, ही बाब त्यांना नवी होती.

ट्रेडिंग कायमचे बंद करणे हा सर्वांत स्वच्छ पर्याय होता आणि जोडीदारांचा कौल तोच होता. सल्लागाराला त्यात एक धोका दिसत होता: मनातून न पटलेली बंदी तेजी आली की मोडते, आणि मग गुपचूप मोडते.

गहाण तसेच ठेवून दर वेळी संरक्षणाचा पुट घ्यायचा, हा पर्याय गुंतवणूकदाराने स्वतः मांडला. तो फेटाळला गेला. त्यांच्याकडे संरक्षणाचा नियम आधीही होता आणि सर्वांत गरजेच्या दिवशी तोच मोडला गेला. शिस्तीवर टिकणारा नियम आणि रचनेत बसवलेला अडथळा यांत दुसरा निवडावा, असे सल्लागाराचे म्हणणे.

वैयक्तिक शेअर्स विकून सगळे इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर्स घेणाऱ्या फंडात) टाकणे, यावर सर्वांत लांब चर्चा झाली. महिन्याला चार तास देणे जमणार नसेल तर हाच योग्य मार्ग, हे सर्वांना मान्य होते. पण नुकसान कंपन्यांनी केले नव्हते, आणि सगळे एकदम विकले तर भांडवली नफ्यावर मोठा कर लागला असता. मधला मार्ग ठरला: आहे ते राहू द्यायचे, नव्या बचतीतले अर्धे इंडेक्स फंडात.

काय केले

आधी सर्व प्लेज सोडवले. मग पोर्टफोलिओ दुसऱ्या ब्रोकरकडच्या नव्या डीमॅट खात्यात हलवला, जिथे वायद्यांचा विभाग सुरूच केलेला नाही. मालक तोच असल्यामुळे या हस्तांतरावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही; डीमॅट खाती सांभाळणाऱ्या सीडीएसएलच्या ईझीएस्ट सुविधेतून ते घरबसल्या होते, प्रत्येक कंपनीमागे थोडे शुल्क पडते. एक गोष्ट इथे हमखास राहून जाते. नव्या ब्रोकरच्या अॅपला जुनी खरेदीची तारीख आणि किंमत माहीत नसते, ती हाताने भरावी लागते, नाहीतर पुढे विक्री झाली की नफ्याचा अहवाल चुकीचा येतो. शिवाय "आधी आलेले आधी विकले" हा नियम प्रत्येक डीमॅट खात्याला वेगळा लागू होतो, म्हणून जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स जपून ठेवल्या.

लिक्विड फंडातले ४.५ लाख दोघांच्या संयुक्त बँक खात्यात मुदत ठेव म्हणून गेले. परतावा किंचित कमी, पण ते गहाण ठेवायला आता दोघांची सही लागेल. हाच हेतू होता.

जुन्या खात्यात ट्रेडिंगसाठी २ लाख ठेवले, नवी भर नाही. उघडा ऑप्शन विकायचा नाही, फक्त स्प्रेड, म्हणजे एक विकायचा आणि संरक्षणाला त्याहून लांबचा घ्यायचा. याची सवय व्हावी म्हणून ३ जूनचाच सौदा पुन्हा मांडून पाहिला: २२,५०० चा पुट ११० ला विकला आणि २२,००० चा ५० ला घेतला असता, तर ५०० नगांना ३० हजार मिळाले असते आणि काहीही झाले तरी जास्तीत जास्त तोटा २.२० लाख. चारच लॉट असते तर ४४ हजार. एवढा सौदा ४ जूनला डोळे मिटून धरून ठेवता आला असता. सौदा बरोबर होता की चूक, यापेक्षा धरून ठेवण्याजोगा होता की नाही हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. खाते १.४० लाखांवर आले की बंद, हेही लिहून ठेवले.

प्रत्येक कंपनीसाठी एक पान तयार झाले: का घेतली, कोणते तीन आकडे बिघडले तर विकायची, पुढचा निकाल कधी. भाव पडणे हे विकण्याचे कारण म्हणून कोणत्याही पानावर लिहायचे नाही असे ठरले. हे करताना रखडलेल्या चारपैकी दोन कंपन्यांसाठी "का धरून ठेवली" या रकान्यात काहीच लिहिता आले नाही. एकीची येणी तीन वर्षांत जवळपास दुप्पट दिवसांवर गेली होती. त्या दोन्ही ऑगस्टमध्ये विकल्या.

कराचे काम सीएकडे दिले. २०२४-२५ मधला ४ जूनपर्यंतचा वायद्यांचा तोटा, एप्रिल-मेचा ६८ हजारांचा नफा वजा जाता, ३.९० लाख. असा तोटा त्याच वर्षी पगार सोडून इतर उत्पन्नातून वजा होतो. त्यामुळे घाईत विकलेल्या शेअर्सवरचा दीर्घकालीन नफा त्यात सामावला आणि उरलेला तोटा पुढे ओढला गेला. या वेळी विवरणपत्र वेळेत आणि आयटीआर-३ मध्ये.

निकाल

सेबीच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने निर्देशांकाच्या वायद्यांचे किमान मूल्य १५ लाख केले आणि प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवण्याची मुभा दिली. २० नोव्हेंबरपासून निफ्टीच्या नव्या करारांचा लॉट ७५ झाला. म्हणजे एका लॉटचा स्प्रेड आधीच्या तिप्पट मोठा झाला. नोव्हेंबर ते जानेवारी त्यांनी पाच सौदे केले, तीन नफ्यात, दोन तोट्यात, खर्च धरून १९ हजार उणे. बंद करण्याची १.४० लाखांची मर्यादा आली नव्हती. तरी मार्च २०२५ मध्ये त्यांनी खाते स्वतःहून बंद केले. पाच सौद्यांसाठी किती तास गेले ते त्यांनी या वेळी लिहून ठेवले होते.

पोर्टफोलिओची परीक्षा वेगळीच झाली. २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ ला स्पर्श केलेला निफ्टी ४ मार्च २०२५ ला २२,०८३ वर होता. पोर्टफोलिओ शिखरापासून सुमारे २० टक्के खाली आला, म्हणजे रुपयांत ४ जूनपेक्षा कितीतरी जास्त. एकही शेअर विकावा लागला नाही, कारण कुणाचे काही देणे नव्हते. दरमहा २५ हजारांची खरेदी चालू राहिली.

४ जूनला विकलेली कंपनी आधी वर गेली आणि मग शरद ऋतूपासून खाली आली. मार्च २०२५ मध्ये तिचा भाव विक्रीच्या भावाजवळच होता. म्हणजे त्या विक्रीने तोवर तरी नुकसान केले नाही. तरीही निर्णय वाईटच होता. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी मान्य करणे त्यांना सर्वांत अवघड गेले, कारण आधीचे १४ महिने निकालावरूनच निर्णय जोखले जात होते.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबर २०२२ मध्ये साधन बदलण्याआधी नऊ महिन्यांचे सौदे कागदावर काढले असते, तर पुढचा प्रश्न "काय विकू" असा न राहता "माझ्याकडे असे काय आहे जे समोरच्याकडे नाही" असा झाला असता. चढउतारांवर ट्रेडिंग करणाऱ्याला याचे उत्तर लागते. दहा वर्षे शेअर धरून ठेवणाऱ्याकडे ते असते: त्याला घाई नसते. गहाणाने नेमकी तीच जमेची बाजू काढून घेतली.

प्लेज करायचेच असते तर एक साधी चाचणी होती. निफ्टी एका दिवसात ८ टक्के पडला तर रोख किती लागेल, आणि तेवढी रोख, फंड नव्हे, खात्यात आहे का? ३ जूनच्या सौद्याला ही चाचणी लावली तर निफ्टी २१,४०० वर, पुट किमान १,१०० ला, लागणारी रोख साडेपाच लाख. हातात, प्रीमियम धरून, २.३५ लाख. हिशेबाला दोन मिनिटे लागतात, प्लेजच्या ओटीपीइतकीच.

स्टॉपलॉसची मर्यादा ट्रिगरच्या बरीच वर ठेवता आली असती, २२० ला ३५०. तोटा झाला असता, पण लाखभराच्या आसपास. आणि संरक्षणाचा पुट ज्या दिवशी महाग वाटला, त्या दिवशी सौदा निम्मा करणे किंवा न करणे हे दोन्ही पर्याय खुले होते.

घरी सांगण्याबद्दल सल्लागाराचे मत ठाम होते, गुंतवणूकदाराचे नाही. गुंतवणूकदाराच्या मते आधी सांगितले असते तरी १४ महिन्यांचा नफा पाहून जोडीदारही हो म्हणाल्या असत्या. जोडीदारांनी त्यावर एवढेच विचारले की मग सांगितले का नाही.